मिस्त्रीसमोर एका झटक्यात सुरू, खाडीत मात्र ढिम्म

प्रश्न: काका नमस्कार, देवबागला माझी फायबरची छोटी होडी आहे, त्याला 15 हॉर्सपॉवरची जपानी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगतात ती मशीन), दोरीची, सेल्फ नाही. मशीन नऊ वर्षं जुनी आहे. पहाटे दुसऱ्या झटक्याला सुरू होते, कधी पहिल्या. अर्धा तास चालवून कर्ली खाडीच्या तोंडाजवळ जाळं टाकतो, मशीन बंद करतो, तास-दीड तासाने जाळं ओढून घेतो आणि निघायच्या वेळेला हिची नाटकं सुरू. रोज करते असंही नाही, आठवड्यातून दोनदा, मग दहा दिवस काहीच नाही. वीस-वीस मिनिटं ओढून खांदा निखळायची वेळ येते, मग वैतागून एक विडी ओढतो आणि परत खेचली की लगेच सुरू!! मालवणच्या मिस्त्रीकडे रिक्षात घालून तीनदा नेली, त्याच्याकडे ड्रममध्ये लावली की तिन्ही वेळा पहिल्या झटक्यात. तो माझ्याकडे बघून हसतो. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला, शेवटी प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल बदलली, साडेनऊ हजार गेले. यंदा मोसम सुरू होताना पाइप पण नवीनच टाकलाय. हा त्रास गणपतीनंतर सुरू झाला. आई म्हणते गाऱ्हाणं घालूया. परवा ओहोटी लागलेली आणि होडी सरळ खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे ओढली जायला लागली, बाजूच्या होडीवाल्याने दोरी टाकली म्हणून वाचलो. आता नवीन मशीन घ्यायची का ते सांगा.
(एक वैतागलेला होडीवाला, देवबाग)

उत्तर:

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, नवीन मशीन घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. गार असताना पहाटे दुसऱ्या झटक्याला उठणारी मशीन आतून बऱ्यापैकी ठणठणीत असते, रिंगा-पिस्टन गेलेली मशीन पहाटेच जास्त रडवते. आणि गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, आईचं मन मोडू नका, पण त्याच्या आधी तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी मला तुम्हाला परत वाचून दाखवायच्यात, कारण उत्तर बहुतेक त्यातच आहे आणि तुम्ही ते एका ओळीत उडवून लावलंय.

पहिली गोष्ट. तुम्ही मशीन रिक्षात घालून मिस्त्रीकडे नेली. पस्तीस-छत्तीस किलोचं धूड तीनदा नेलंत, शाबास. पण टाकी नेली होती का? पाइप नेला होता का? माझी पैज आहे की नाही. टाकी आणि पाइप होडीतच राहिले, मिस्त्रीने त्याची स्वतःची टाकी, त्याचा स्वतःचा पाइप लावला, ड्रममध्ये मशीन ठेवली आणि दोरी ओढली, ती सुरू झाली. होणारच ना! म्हणजे तिन्ही वेळा तपासणी झाली ती मशीनची, आणि तिन्ही वेळा मशीन पास झाली. जी गोष्ट तपासायला गेलीच नाही ती म्हणजे टाकी, टाकीचं झाकण, पाइप, पाइपवरचा रबरी फुगा (हाताने दाबून पेट्रोल मशीनकडे ढकलतो तो) आणि मशीनला पाइप जोडतो ते कनेक्टर. मिस्त्री हसला त्याचा राग धरू नका, त्याच्यासमोर जे होतं त्यावर त्याने काम केलं.

दुसरी गोष्ट, "पाइप पण नवीनच टाकलाय". पाइप मोसम सुरू होताना टाकला, त्रास गणपतीनंतर सुरू झाला. मध्ये किती दिवस गेले मोजा. आपल्याकडे नवीन म्हटलं की ती वस्तू संशयातून सुटते, पण बहुतेकदा उलट असतं, मशीन चांगली चालत होती आणि मग बिघडली तर आधी बघायचं की मधल्या काळात कोणी काय बदललं. तुम्ही लिहिलं नाहीये कुठला पाइप, पण मला वाटतं हार्डवेअरच्या दुकानातून मीटरवर घेतलेला, बहुतेक पारदर्शक, बागेला पाणी घालतात तसला. असेल तर तो काढा आधी. तो पहाटे गारठ्यात कडक असतो, आणि दहा-साडेदहाच्या उन्हात होडीच्या तळाशी तापला की शेवयासारखा मऊ पडतो. मऊ पडला की क्लिपखाली सैल होतो आणि तिथून हवा ओढतो, नाहीतर जाळं ओढताना तुम्ही टाकी पायाने बाजूला सरकवता तेव्हा मुडपतो. जाळं आत आलं, त्याचं ओझं त्यावर पडलं, काम झालं. आणि कधी मुडपतो कधी नाही, म्हणून तर आठवड्यातून दोनदा! पेट्रोलसाठीचा पाइप वेगळा येतो, त्याच्यावर छापलेलं असतं, महाग असतो, तोच घ्यायचा. (पारदर्शक पाइपचा एकच फायदा, हवा ओढत असेल तर बुडबुडे दिसतात, काढून टाकायच्या आधी एकदा बघून घ्या.)

आता कॉइलचं सांगतो, कारण त्यात तुमचे सगळ्यात जास्त पैसे गेले असणार. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल ही खरी गोष्ट आहे, आतली तार कुठेतरी तुटायला आलेली असते, तापली की फुगून टोकं सुटतात, गार झाली की परत जुळतात. मिस्त्रीने "गरम झाल्यावर सुरू होत नाही" एवढं ऐकलं आणि कॉइलवर गेला, ते चूक नाही. पण कॉइलचा दोष असता तर मशीन बंद केल्यावर पहिल्या पाच-दहा-पंधरा मिनिटांत त्रास झाला असता, कारण बंद केल्या केल्या थंड पाण्याचा फेरा थांबतो आणि झाकणाखालची उष्णता उलट वाढते. तुमची मशीन दीड तास बंद असते. दीड तासात कॉइल गार होते हो. म्हणजे कॉइल सुधारायला भरपूर वेळ मिळूनही ती सुरू होत नाही, आणि विडीच्या दहा मिनिटांनी मात्र होते? हे कॉइलच्या गणितात बसत नाही.

मग दीड तासात होतं काय? तर पेट्रोलचं काहीतरी होतं. एक तर ते मशीनपासून परत टाकीकडे उतरतं, किंवा उलट नको तेवढं मशीनमध्ये शिरतं. दोन्ही एकदम विरुद्ध आजार आहेत आणि बाहेरून लक्षण एकच, दोरी ओढून हात दुखतो.

उलट शिरतं ते कसं, हे जरा नीट वाचा कारण लोकांना हे माहीतच नसतं. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. मशीन चालताना तो उघडा पाहिजे, नाहीतर पेट्रोल बाहेर गेलं तेवढी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी होते, फुगा चपटा पडतो आणि मशीन धापा टाकत बंद पडते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मशीन बंद करून तुम्ही शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून तो स्क्रू बंद केलात (बरेच जण करतात, चांगल्या सवयीने करतात) आणि टाकी दीड तास उन्हात राहिली तर आतलं पेट्रोल तापतं, वाफ होते, दाब वाढतो, आणि तो दाब पेट्रोलला पाइपमधून कार्बोरेटरकडे ढकलत राहतो. तिथे फ्लोटची बारीक सुई त्याला अडवते, पण नऊ वर्षं जुन्या सुईचं तोंड झिजलेलं असलं तर थोडं थोडं आत झिरपतं. मशीन ओव्हर होते. त्यात तुम्ही पहाटेच्या सवयीने चोक ओढता (ओढता ना? खरं सांगा) आणि वीस मिनिटं दोरी खेचता, म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर आणखी पाणी. मग विडी ओढेपर्यंत जास्तीचं पेट्रोल उडून जातं आणि ती पहिल्या झटक्यात सुरू होते. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात बोलकं वाटलं.

(विडीबद्दल काय बोलू. ओव्हर झालेल्या मशीनपासून चार फुटांवर, पेट्रोलच्या वासात, फायबरच्या होडीत. तुमचं तुम्ही ठरवा पण मी त्या होडीत बसणार नाही.)

तर आता पुढच्या वेळी ती रुसेल तेव्हा काय करायचं ते सांगतो. येऊन-जाऊन असणारा बिघाड जमिनीवर सापडत नाही, तो चालू असतानाच पकडावा लागतो, आणि आपण नेमकं तेव्हाच घाबरून सगळे पुरावे पुसून टाकतो.

सगळ्यात आधी लोयली, म्हणजे नांगर, टाका. मशीनला हात लावायच्या आधी. परवा तुमचं जे झालं ते मशीनमुळे नाही झालं, लोयली पाण्यात नव्हती म्हणून झालं. ओहोटीला कर्लीच्या तोंडाला जो ओढा असतो तो मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तिथलेच. होडी थांबलेली असली की डोकं चालतं.

मग चार-पाच झटक्यांनंतर दोरी सोडा. लाल दोरीची क्लिप (जी निघाली की मशीन बंद होते) जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, एवढं बघा, हसू नका, जाळं ओढताना क्लिपला धक्का लागून अर्धवट निघालेली मी स्वतः पाहिली आहे, ती पण स्वतःच्याच होडीत.

आता फुगा. दाबू नका! इथेच सगळे चुकतात, रुसली की पहिलं काम फुगा पचापचा दाबणं. दाबला की पुरावा गेला. आधी नुसता बघा, मग अंगठ्याने हलकं चाचपा, भाकरीचं पीठ मळून झालं का बघतो तसं. चपटा असेल तर टाकीत पोकळी झाली आहे, झाकणाचा स्क्रू उघडा, सूं करून हवा आत जाताना ऐकू येईल. न दाबताच दगडासारखा कडक असेल तर टाकीत दाब आहे, स्क्रू उघडताना फुस्स करून बाहेर येईल, आणि मशीन ओव्हर झाल्याची दाट शक्यता. आणि मऊ, मेलेल्या माशासारखा लागला तर पेट्रोल परत टाकीकडे उतरलंय, म्हणजे फुग्यातला व्हॉल्व्ह बसत नाही किंवा कुठून तरी हवा शिरते.

मऊ असेल तर फुगा उभा धरायचा, बाणाचं टोक वर आणि मशीनकडे, आणि कडक होईपर्यंत दाबायचा. आडवा धरून दाबला तर आतले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि तुम्ही नुसती हवा दाबत बसता. कडक झाला, दोरी ओढली आणि झाली सुरू, तर दोष पाइपच्या बाजूचा, लिहून ठेवा. कडक होतच नाही, दाबतोय दाबतोय तरी मऊच, तर हवा येते आहे. बहुतेक वेळा ती कनेक्टरमधल्या ओ-रिंगमधून येते, एवढीशी रबराची चकती, काही रुपयांची. ही गळती फसवी असते बरं का, ओढताना हवा आत घेते पण बाहेर पेट्रोलचा थेंब दिसत नाही, म्हणून माणूस "कुठे गळत नाही" असं छातीठोक सांगतो.

फुगा आणि स्क्रूने काम झालं नाही तर प्लग काढायचा, एकच पुरे, वरचा. मशीनचं झाकण उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्या आधी. प्लग ओला आणि वास मारतोय म्हणजे पेट्रोल पोचलंय, एक तर ओव्हर आहे किंवा स्पार्क नाही. सुका खडखडीत म्हणजे पेट्रोलच पोचत नाहीये. आमचा जुना मिस्त्री एवढंच बोलायचा, "आधी तेल बघ, मगे आग बघ," आणि चाळीस वर्षं त्याने एवढ्यावर काढली.

ओव्हर असेल तर चोक आत, पाइप मशीनपासून सोडा, प्लग पुसून परत बसवा, थ्रॉटल जितकी उघडते तितकी उघडा आणि आठ-दहा वेळा ओढा. एकदम भडकली तर लगेच कमी करता यावी म्हणून हात थ्रॉटलवर ठेवा. आणि दीड तासाच्या थांब्यानंतर यापुढे पहिल्यांदा चोकशिवाय ओढून बघा, मशीन पूर्ण गार नसते तेव्हा, तिला पहाटेएवढं पेट्रोल नको असतं.

स्पार्क बघायचा तर प्लग हातात धरून बघायचा नाही, सीडीआयचा (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) झटका साधा नसतो, ओल्या होडीत तर अजिबात नको. आणि वायर मोकळी लोंबती ठेवूनही दोरी ओढायची नाही, त्याने सीडीआय जाऊ शकतो, मग खरंच मोठा खर्च. एक स्पार्क टेस्टर मिळतो, प्लग आणि टोपी यांच्यामध्ये लावायचा, आत ठिणगी दिसते, फार महाग नाही, घेऊन ठेवा. रुसलेली असताना टेस्टरमध्ये निळी कडक ठिणगी दिसली तर कॉइलचा विषय कायमचा बंद करा, आणि काहीच नाही दिसली तर मी वर जे छातीठोक बोललो ते चुकलं असं समजा आणि मला शिव्या द्या.

ठिणगी नसेल तर कॉइलच्या आधी बंद करायचं बटण बघा, हे मात्र सांगायचं राहत होतं. ते बटण आणि लाल क्लिपचा स्विच खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यात रोज असतो, आत मीठ साचतं, ओल धरली की मीठ स्वतःच बटण दाबल्यासारखं काम करतं. वाळलं की सोडून देतं. बटणाची वायर जोडातून सुटी करून ओढायची, लगेच ठिणगी आली तर चोर सापडला. फक्त लक्षात ठेवा की वायर सुटी असताना ती बटणाने बंद होणार नाही, चोक ओढून नाहीतर पाइप काढून बंद करावी लागेल, म्हणून हा प्रयोग होडी किनाऱ्याला बांधलेली असतानाच.

हे सगळं झालं की फोनमध्ये चार ओळी लिहायच्या. किती वेळ बंद होती, टाकी भरलेली की अर्धी, स्क्रू उघडा होता की बंद, फुगा कसा होता, प्लग ओला की सुका, आणि शेवटी कशाने सुरू झाली. तीन-चार वेळा लिहिलंत की तुम्हाला मलाही विचारावं लागणार नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, कृपा करून. प्लग, पाइप आणि ओ-रिंग एकाच दिवशी बदलली आणि बरी झाली तर कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी परत तेच.

मी एवढं पाइप-पाइप का करतोय ते सांगतो. बरीच वर्षं झाली, तारकर्लीतल्या एकाची पर्यटकांना फिरवायची होडी, मशीन तुमच्यासारखीच, कधी सुरू कधी नाही, आणि चालताना मध्येच दम टाकायची. मी प्लग बदलले, पंपाचा पडदा बदलला, सीडीआय सुद्धा बदलला, मोसमातले तीन आठवडे त्याचे वाया घालवले. शेवटी रागाने तो जुना पाइप काढला आणि ब्लेडने उभा चिरला. बाहेरून काळा, गुळगुळीत, एक चीर नाही. आत मात्र अस्तर सुटलेलं, सापाची कात निघते तसं पातळ पापुद्र्यासारखं, एका बाजूने चिकटलेलं आणि दुसऱ्या बाजूने मोकळं. फुगा दाबला की पेट्रोलच्या रेट्याने ते भिंतीला चिकटायचं आणि वाट मोकळी. मशीनने ओढलं की ते पडद्यासारखं आडवं यायचं आणि वाट बंद. मी त्या माणसाकडून मजुरी घेतली नाही, सीडीआयचे पैसे मात्र त्याचे गेले ते गेलेच, आजही समोर आला की मला तो पाइप आठवतो. त्यामुळे तुम्ही जुना पाइप परत लावायचा विचार करत असाल तर तो पण चिरून बघा, कदाचित तुम्ही तो बदललात तेव्हाही काहीतरी कारण असेल.

यात पेट्रोलचाही हात आहे. आता पंपावर ई-20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि जुन्या मशीनची रबरं त्याच्यासाठी बनवलेलीच नव्हती, ती फुगतात, मऊ पडतात, अस्तर सोडतात. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी पितं. थोडं पाणी त्याच्यात विरघळून जातं, कळतही नाही, पण प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, आणि टाकीतली नळी कुठून ओढते तर तळातून. शांत पाण्यात ठीक, लाटेत टाकी हिंदकळली की घोटभर पाणी मशीनला. तपासायचं सोपं आहे, कार्बोरेटरच्या वाटीखाली स्क्रू असतो तो सैल करून येईल ते काचेच्या छोट्या बाटलीत धरा आणि दहा मिनिटं उजेडात ठेवा. तळाला वेगळा थर किंवा मण्यासारखे थेंब फिरताना दिसले तर टाकी रिकामी करून धुवायची. जून-जुलै मासेमारी बंदीच्या दिवसांत टाकीत पेट्रोल तसंच राहिलं होतं का? राहिलं असेल तर ते पेट्रोल मोसमाच्या सुरुवातीला वापरायलाच नको होतं.

ऑइलचं दोन ओळीत. पुस्तकात 50 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, म्हणजे 24 लिटरच्या टाकीत 480 मिली, मापाने, अंदाजपंचे दाहोदरसे नाही. आणि ऑइल आउटबोर्डचं घ्यायचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 असतं, मोटरसायकलचं टू-टी नको, ते वेगळ्या तापमानासाठी असतं, त्याची राख प्लगवर बसते. रॉकेल मिसळत असाल तर तेही बंद. प्लगचा नंबर पुस्तकातलाच, दुकानदार "हाच चालतो" म्हणून 7 च्या जागी 8 देतो आणि तो थंड प्रकृतीचा प्लग लवकर ओला पडतो. मिस्त्रीने कुठला टाकलाय ते बघून घ्या.

होडीत कायम काय पाहिजे ते तुम्हाला माहीत आहे पण परवाच्या प्रकारानंतर विचारतोच, वल्ही आहेत ना? लोयलीची दोरी खाडीच्या तोंडाशी पुरेल एवढी लांब आहे ना? लाइफ जॅकेट अंगात, होडीच्या नाळीत कोंबलेलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत फोन, आणि त्यात दोन नंबर, कोस्ट गार्डचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093. बाजूचा होडीवाला रोज बाजूला नसतो.

आता करायचं काय, तर उद्याच शेजाऱ्याची टाकी, पाइप, फुगा असा अख्खा सेट मागून घ्या, फक्त टाकी नाही, अख्खा सेट, आणि दोन आठवडे त्याच्यावर चालवा. तुमचा त्याला द्या, बघू त्याची मशीन रुसते का. (त्याला आधी सांगून द्या, नाहीतर तुमचंच नाव काढेल.) दोन आठवड्यात एकदाही त्रास झाला नाही तर प्रश्न संपला, पेट्रोलचा पाइप, नवीन फुगा आणि ओ-रिंगा घ्या, साडेनऊ हजारांच्या मानाने किरकोळ खर्च आहे. त्रास तसाच राहिला तर स्पार्क टेस्टर लावा आणि मला परत लिहा, पण त्या चार ओळींसकट लिहा, "परत तेच झालं" एवढंच नको.

आणि यापुढे मिस्त्रीकडे जायची वेळ आलीच तर मशीन होडीलाच राहू दे. टाकी रिकामी करून ती आणि पाइप तेवढा घेऊन जा, दुचाकीवर मावतं, रिक्षाचे पैसे वाचतील.